कमान दिसली नाही तरी चालेल, दुखणं थांबू दे

सपाट तळपाय असलेल्या बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही. आमच्या सईचं ऑपरेशन झालंय, तरी मला सगळ्यांत आधी हेच सांगायचंय. कारण गेल्या वर्षभरात लालबाग-परळच्या आमच्या ओळखीतल्या कितीतरी आयांनी आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचे ओले पाय फरशीवर उमटवून मला दाखवलेत. "बघा ना, अख्खा पंजा उमटतो. याचंही करावं लागेल का हो?" इतक्या लहान मुलाचं काही करावं लागत नाही. त्या वयात तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात आणि कमान साधारण पहिल्या दहा वर्षांत हळूहळू तयार होत जाते. काहींची होतच नाही, आणि त्यातल्याही बहुतेकांना आयुष्यभर कसला त्रास होत नाही. पाय नुसता सपाट दिसणं हा आजार नाही. पाय दुखणं आणि टाचेमागची शीर आखडलेली असणं या दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नयेत. सईच्या बाबतीत त्या दोन्ही होत्या, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तिचे पाय पहिल्यापासूनच सपाट. एका वर्षी गौरींच्या वेळी एका आत्येसासूबाईंचं तिच्या पावलांकडे लक्ष गेलं आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बाई, असे पाय! सासरी काय म्हणतील?" पोर तेव्हा आठ वर्षांची होती. माझ्या सासूबाईंनीच त्यांना गप्प केलं, "तिचे पाय तिला चालवतायत ना, मग झालं." चालवत होते तोवर आम्हीही काही केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुखणं सुरू झालं ते अकराव्या वर्षी. सई शाळेच्या खो-खोच्या संघात होती. पाटीवर बसून उठताना तिला वेळ लागायला लागला, खुंटाला वळसा मारताना डाव्या पायात आतल्या बाजूने, घोट्याच्या खाली, कळ यायची. मग करी रोडच्या पुलाचा चढ चढताना ती मध्येच थांबायला लागली. रात्री पोटरीत गोळे. शाळेचे काळे बूट तीन महिन्यांत आतल्या बाजूने असे बसायचे की जमिनीवर ठेवले की दोन्ही बूट एकमेकांकडे कलायचे. टाचही आतल्याच बाजूने झिजलेली. आणि पायाच्या आतल्या कडेला, जिथे खरं तर कमान उचललेली असायला हवी, तिथे घट्टा पडलेला. अशा मुलांच्या पायाला तिथे घट्टा पडतो, कारण घोट्याखालचं हाड आत कलून जमिनीला टेकायला लागतं आणि शरीराचा भार त्याच्यावर येतो. हे मला पुढे कळलं.

शाळेत एका शिक्षकांनी तिला सगळ्या मुलींसमोर "पळायचा कंटाळा आला की पाय दुखतो" असं सुनावलं. त्याचा मला अजूनही राग आहे. मूल पाय दुखतो म्हणत असेल तर आधी त्याचे बूट उलटे करून सोल बघा, एवढीच माझी शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. झिजलेला सोल खोटं बोलत नाही. ज्या डॉक्टरांकडे आम्ही नेहमी जातो त्यांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून कॅल्शियम दिलं. दादरच्या एका दुकानात "वर्षभर हे घाला, कमान तयार होईल" म्हणत बुटात घालायचे महागडे इन्सोल गळ्यात मारले.

त्या कमान तयार होण्याबद्दल इथेच सांगून टाकते. इन्सोलमुळे दुखणं कमी होऊ शकतं. ज्याला दुखतंय त्याने ते जरूर वापरावेत. पण इन्सोलने किंवा खास बुटांनी कमान तयार होत नाही. अमेरिकेत वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे गट पाडून, काहींना खास बूट, काहींना बुटात घालायचे साचे आणि काहींना काहीच न देता तीन वर्षं बघितलं. १९८९ मध्ये निष्कर्ष छापला: सगळ्या गटांचे पाय सारखेच सुधारले होते. आणि आपल्याकडच्या राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ मध्ये लिहिलं की बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के होते, अनवाणी वाढणाऱ्यांत फक्त २.८ टक्के. लहानग्याला घरात, अंगणात, वाळूत अनवाणी खेळू द्यावं, त्यात पैसेही जात नाहीत.

परळ म्हणजे दवाखान्यांचं गाव. केईएम, टाटा, वाडिया, सगळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. शेजारच्या काकूंनी सांगितलं, मोठ्यांच्या हाडांच्या डॉक्टरकडे नको, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडेच ने. त्यांचा हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

तपासणी मी श्वास रोखून बघत होते. डॉक्टरांनी सईला चड्डी गुडघ्याच्या वर घेऊन, भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभं केलं आणि स्वतः मागे जमिनीवर बसले. मलाही बसायला सांगितलं. मागून बघितलं तर दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूला कललेल्या, आणि डाव्या पायाची तर बाहेरच्या बाजूने तीन बोटं दिसत होती. पाय सरळ असेल तर मागून करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचं बोट दिसतं. "आता चवड्यांवर उभी राहा." ती उंच झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर टाचा आत वळल्या, तळव्याला सुंदर कमान पडली. खाली उतरली, कमान गेली. मग उभ्या-उभ्याच त्यांनी तिचा अंगठा वर उचलला, तर पुन्हा कमान. "हा लवचिक सपाट पाय," डॉक्टर म्हणाले. "चवड्यावर उभं राहूनही जो पाय सपाटच राहतो, तो ताठ. त्यात बहुतेकदा दोन हाडं एकमेकांना चिकटलेली असतात. त्याची कथा वेगळी असते."

मग तिला टेबलावर झोपवलं. आणि इथे खरं दुखणं सापडलं. त्यांनी टाच सरळ रेषेत धरून पाऊल वर ढकललं. गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनापर्यंतही येईना. गुडघा वाकवून बघितलं, तरी फारसा फरक नाही. टाचेमागची जाड शीर, जिला सासूबाई घोडशीर म्हणतात, ती आखूड होती. शेवटी डॉक्टरांनी तिला उकिडवं बसायला सांगितलं. ती बसली, पण टाचा जमिनीपासून वर, आणि टाचा टेकवायच्या तर पाय फाकवून पावलं बाहेर वळवावी लागत होती. चाळीतल्या संडासात तिला एवढा वेळ का लागतो आणि बाहेर आल्यावर ती पोटऱ्या का चोळते, ते मला त्या क्षणी उमगलं.

शीर आखूड असली की काय होतं ते त्यांनी कागदावर रेघा ओढून दाखवलं. चालताना पाऊल घोट्यातून वर यायला हवं. शीर येऊ देत नाही. मग पाऊल मधूनच मोडल्यासारखं खाली बसतं, टाच बाहेर जाते, पुढचा पंजा बाहेर वळतो आणि आतलं हाड जमिनीला घासतं. अशा पायाला कडक इन्सोल दिला तर तो नेमका त्याच दुखऱ्या हाडाखाली टोचतो. दादरचे महागडे इन्सोल घातल्यावर सई रडायची त्याचं कारण हे. मी पुढे वाचलं, की कॅनडाच्या सैन्यातल्या हजारो जवानांचे पाय हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी तपासले होते आणि १९४७ मध्ये अहवाल दिला होता. त्यांनाही हेच आढळलं होतं: लवचिक सपाट पायाचे बहुतेक जवान ठणठणीत, मात्र ज्यांची टाचेची शीर आखूड, त्यांनाच दुखणं आणि अडचण.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनचं नाव काढलं नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच खाली सोडायचा व्यायाम, आणि मऊ इन्सोल. शीर ताणताना पाऊल किंचित आत वळवून घ्यायचं, नाहीतर ताण शिरेवर न येता पाऊलच मधून बसतं. ही बारकाई फिजिओथेरपिस्टनी सईच्या पायाला हात लावून दाखवली. पावसाळ्यात सुरू केलेला व्यायाम दिवाळी, संक्रांत करत चालू राहिला. उजवा पाय बराच सुधारला. डावा नाही. जानेवारीत तिने स्वतःहून खो-खो सोडला, आणि मला सांगितलंही नाही. मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

मग उभं राहून एक्स-रे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: सपाट पायाचा एक्स-रे उभ्यानेच काढायचा असतो, झोपवून काढला तर भार नसल्यामुळे पाय बराच बरा दिसतो. हाडं कुठे चिकटलेली नाहीत ना याची खात्री करायला डाव्या पायाचा सीटी स्कॅन झाला. नव्हती.

त्यानंतरची बैठक मी, सईचे बाबा आणि सई, तिघांनी डॉक्टरांसमोर बसून केली. सईला बाहेर बसवायला मी तयार नव्हते. पाय तिचा होता. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले.

पहिला, घोट्याखालच्या पोकळीत छोटा स्क्रू किंवा इम्प्लांट बसवायचं, म्हणजे टाच बाहेर कलायला जागाच राहत नाही. जखम छोटी, मूल लवकर चालायला लागतं. पण काही मुलांना ती जागा दुखत राहते आणि इम्प्लांट काढावं लागतं. शिवाय सईच्या पायाचा पुढचा भाग जितका बाहेर वळला होता, तितकं त्याने सरळ होईल अशी त्यांना खात्री वाटत नव्हती. दुसरा, टाचेचं हाड बाहेरच्या बाजूने कापून लांब करायचं. तिसरा, सांधे जखडून टाकायचे. हा तिसरा त्यांनी फक्त नाकारण्यासाठी सांगितला. "वाढत्या मुलाचे सांधे बंद केले की आज दुखणं थांबेल, पण पुढे तो ताण शेजारच्या सांध्यांवर जातो. लवचिक पायासाठी तर मी हे करणारच नाही."

सईसाठी दुसरा मार्ग. डिल्विन इव्हान्स या सर्जननी १९७५ मध्ये हे ऑपरेशन मांडलं आणि सिएटलच्या व्हिन्सेंट मोस्कांनी १९९५ मध्ये त्यात सुधारणा करून ते मुलांसाठी रूढ केलं. टेबलाचा एक पाय आखूड असला की आपण खाली पाचर घालतो, तसंच हे. पायाची बाहेरची बाजू आतल्या बाजूच्या मानाने तोकडी पडलेली असते. टाचेचं हाड पुढच्या टोकाजवळ आडवं कापायचं, फट उघडायची आणि तिथे कमरेच्या हाडातून घेतलेली पाचर बसवायची. बाहेरची बाजू लांब झाली की पंजा आत येतो, टाच सरळ होते, कमान आपोआप उभी राहते, आणि मुख्य म्हणजे सांधे शाबूत राहतात. त्याच वेळी टाचेमागची शीर लांब करायची. ती केली नाही तर बाकी सगळं केलेलं फुकट, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

सईच्या बाबांचा धीर होत नव्हता. "चालत्या पोरीला झोपवायचं?" हे त्यांचं वाक्य घरात कितीतरी दिवस फिरत होतं. एका नातेवाइकाने उलट टोक गाठलं: आताच करून टाका, पुढे पोलीस भरतीत सपाट पाय चालत नाहीत. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सईच्या आई, दुखत नसलेल्या पायावर भरतीसाठी किंवा दिसण्यासाठी मी सुरी लावत नाही. हिला दुखतंय, व्यायामाने थांबलेलं नाही, म्हणून आपण बोलतोय." सईने एकच प्रश्न विचारला, दुखायचं थांबेल का? ते तिच्याकडे बघून म्हणाले, बहुतेक थांबेल, शंभर टक्के सांगणार नाही. धोकेही तिलाच सांगितले: जंतुसंसर्ग, हाड जुळायला वेळ लागणं, पाऊल थोडं ताठर होणं, पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा, सुधारणा कमी किंवा जास्त होणं. बारा वर्षांच्या मुलीशी असं सरळ बोलणारा डॉक्टर बघून माझी निम्मी भीती गेली. दोन दिवसांनी रात्री भांडी घासत होते तर ती मागे येऊन म्हणाली, "करूया. पण परीक्षा झाल्यावर."

परीक्षेनंतरच्या तारखा सगळ्यांनाच हव्या असतात. एप्रिल-मेमध्ये मुलांच्या ऑपरेशनची यादी तुडुंब भरलेली असते, त्यामुळे ठरलं की परीक्षेनंतरची तारीख फेब्रुवारीतच घेऊन ठेवावी. मेडिक्लेमवाल्यांनी "हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आहे का" असं विचारून प्रकरण अडवलं. डॉक्टरांनी पत्र दिलं: किती महिने दुखतंय, काय उपचार झाले, शीर किती आखडलेली, एक्स-रेमध्ये काय दिसतं. फिजिओथेरपीच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या. हे पत्र आधीच मागून घ्यावं, दाखल व्हायच्या आदल्या दिवशी धावाधाव नको.

दोन्ही पाय एकदम करायचे की एकेक, हाही प्रश्न होता. आम्ही डावाच करायचं ठरवलं. दुखत तोच होता, आणि आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेलं मूल सांभाळणं अशक्य होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं. डॉक्टरांनी स्वतः येऊन मार्करने डाव्या नडगीवर बाण काढला. सईने तो बरोबर पायावर आहे ना हे वाकून बघितलं. भूल पूर्ण दिली, शिवाय पायाची नसही बधिर केली, म्हणजे जाग आल्यावर पहिले काही तास कळ येत नाही. आत सुमारे दोन तास लागले. टाचेचं हाड लांब केलं, पाचर बसवली, ती आणि शेजारचा सांधा हलू नये म्हणून आरपार एक वायर घातली जिचं टोक कातडीबाहेर होतं, शीर लांब केली, आतल्या बाजूचं सैल पडलेलं आवरण आवळून शिवलं. गुडघ्याखाली प्लास्टर.

पहिली रात्र कठीण. पण ज्याची भीती होती ते पाऊल बरंच शांत होतं, रडवलं ते कमरेने. जिथून हाड घेतलं तिथे कूस बदलताना, खोकताना, हसतानासुद्धा तिला कळ यायची. हे आधी कुणी ठासून सांगितलेलं नसतं, म्हणून मी सांगतेय. पाय दोन उशांवर उंच ठेवायचा. आणि दर तासाने बोटं बघायची: गुलाबी आहेत का, कोमट आहेत का, ती हलवू शकतेय का. बोटं निळी पडली, थंड पडली, हलवताना जीव जाण्याइतकी कळ आली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच सिस्टरांना बोलवायचं. सिस्टरांनी मला हे माझा हात धरून, माझ्या बोटाने तिचं नख दाबून शिकवलं: दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी. घरी आल्यावरही पहिला आठवडा मी ते करत राहिले. औषध वेळेवर, घड्याळ बघून द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही. एकदा कळ चढली की ती उतरायला फार वेळ जातो.

घरी आणताना खरी परीक्षा जिन्याची होती. लाकडी जिना, अरुंद वळणं, तिसरा मजला. चाळीतल्या चार पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पालखीसारखं वर आणलं, दोन पुढून, दोन मागून, आणि खालून सगळ्या काकू "सांभाळून, पाय सांभाळून". नंतर तपासणीला जाता-येता ती बसून, एकेक पायरी मागे सरकत उतरायला शिकली. संडास चाळीचा सामायिक, गॅलरीच्या टोकाला, भारतीय पद्धतीचा. त्याचं काय करायचं हा विचार आम्ही ऑपरेशनच्या आधी केला होता. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणली आणि पडद्यामागे ठेवली. बारा वर्षांच्या मुलीला याची लाज वाटते, फार वाटते. सासूबाईंनी तो सगळा भार स्वतःकडे घेतला. "माझं म्हातारपणी तू करशील," असं म्हणून त्यांनी तिला हसवलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने दोन महिने नातीचं सगळं केलं, त्याचं ऋण माझ्याने फिटणार नाही.

या काळात डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला तर पाचर दबू शकते. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत चालायचं. आणि मे महिना मुंबईचा! प्लास्टरच्या आत घाम, खाज. सईने पट्टी आत घालायचा प्रयत्न केला तेव्हा मी ती काढून घेतली, कारण आत जखम झाली तर कळतही नाही आणि ती चिघळते. हेअर ड्रायरची थंड हवा वरून सोडायची, त्याने खरोखर आराम पडतो. आंघोळ स्टुलावर बसवून, पाय दुसऱ्या स्टुलावर, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर. वायरच्या जागेचा वास येतोय का, ताप येतोय का, याकडे लक्ष.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापलं, एक्स-रे काढला. पाचर आणि हाड यांच्यामधली रेघ पुसट झालेली मला डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. वायर तिथेच ओपीडीत ओढून काढली. सईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली, पण वायर निघाल्यावर म्हणाली, "एवढंच?" पुन्हा नवं प्लास्टर, आणखी थोडे आठवडे. ते निघालं तेव्हा शाळा सुरू होऊन पावसानेही जोर धरला होता. पोटरी अर्धी झालेली, कातडीचे पापुद्रे, घोटा ताठ. तिला वाटलं होतं की प्लास्टर निघालं की लगेच चालता येईल. तसं होत नाही, आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. फिजिओथेरपीतले पहिले पंधरा दिवस ऑपरेशनपेक्षा जास्त रडवणारे होते. आधी थोडा भार, मग वॉकर सोडून, मग पायऱ्या. ओल्या जिन्यावर मी तिला एकटी सोडत नव्हते. शाळेने वर्ग तळमजल्यावर हलवला, त्यासाठी मी मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं आणि त्यांनी एका दिवसात व्यवस्था केली.

गणपतीपर्यंत ती घरात, गॅलरीत नीट चालत होती, पण लालबागच्या गर्दीत मी तिला यंदा पाठवली नाही. कुणाचा बूट पायावर पडला असता तर, या विचाराने. दिवाळीत हळू पळाली. खो-खोला डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतर परवानगी दिली, तीही पोटरीची ताकद दोन्ही बाजूंना जवळपास सारखी झाल्यावर.

आज डाव्या पायाला कमान आहे, पुस्तकातल्या चित्रासारखी नाही, थोडीशी. बाहेरच्या बाजूला दोनेक इंचांचा व्रण, त्याच्याभोवती थोडा बधिरपणा. पाऊल उजव्यापेक्षा जरा कमी वळतं. घट्टा गेलाय. ती टाचा टेकवून उकिडवी बसते. करी रोडचा पूल न थांबता चढते, आणि हेच आम्हाला हवं होतं.

उजव्या पायाचं अजून ठरलेलं नाही. तो दिसायला आजही सपाट आहे, पण व्यायामाने शीर सुटलीय आणि तो दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखत नाही तोवर हात लावायचा नाही, वर्षातून एकदा दाखवायला या. माझंही तेच मत आहे. सासूबाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तिला भिंतीला उभी करतात आणि पोटरी ताणायचे आकडे स्वतः मोजतात. सईने डॉक्टरांना सांगून ठेवलंय, कधी करायची वेळ आलीच तर मे महिन्यात प्लास्टर घालणार नाही, दिवाळीच्या सुट्टीची तारीख द्या.